तेव्हा डॉलर कितीला होता? रुपया-डॉलरचा जुना दर नीट काढायची रीत

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका घरात, अमेरिकेतल्या मुलाने २०१३ साली पाठवलेल्या पैशांचा हिशेब जुळत नसतो. तिथल्याच मिहान प्रकल्पात नोकरी करणाऱ्या मुलीने परदेशी कंपनीचे शेअर विकलेले असतात आणि त्यावर कर भरायचा असतो. कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्या जिनिंगवाल्याला दहा वर्षांपूर्वीचा रुईचा भाव आजच्या भावाशी ताडून पाहायचा असतो. तिघांचा प्रश्न एकच असतो, की तेव्हा डॉलर कितीला होता. तारीख तीच धरली तरी तिघांची बरोबर उत्तरं वेगवेगळी येतात. इंटरनेटवर शोधलं की एक आकडा लगेच मिळतो आणि बहुतेक घोटाळे त्या एका आकड्यापासूनच सुरू होतात.

आधी एका दिवसापुरतं बोलू. बँकेचं परकीय चलनाचं दरपत्रक पाहिलं तर एकट्या डॉलरसमोर पाच-सहा आकडे दिसतात: टीटी बाइंग, टीटी सेलिंग, बिल बाइंग, बिल सेलिंग, शिवाय नोटांचे दर वेगळे. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, दरपत्रकातली तार मात्र अजून चालू आहे. यातलं बाइंग आणि सेलिंग नेहमी बँकेच्या बाजूने वाचायचं. मुलाने डॉलर पाठवले की बँक ते तुमच्याकडून विकत घेते, म्हणून तुम्हाला बाइंग दर लागतो. मुलीची परदेशातली फी भरायची असेल तर बँक तुम्हाला डॉलर विकते, तेव्हा सेलिंग. समजा बाजारात डॉलर ८३ रुपयांना चालला आहे, तर बाइंग ८२.६० आणि सेलिंग ८३.४० असू शकतो. नोटा हव्या असतील तर आणखी महाग, कारण नोटा आणणं, ठेवणं, मोजणं हा खर्च त्यात येतो.

हे आपल्याकडे नवं नाही. भोसल्यांच्या काळात नागपुरी रुपया आणि कंपनीचा रुपया यांच्या अदलाबदलीत सराफ बट्टा कापायचे. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया प्रमाण ठरला आणि पुढे १८५४ मध्ये नागपूरचं राज्यही खालसा झालं. तो बट्टा गेला, पण बँकेच्या बाइंग आणि सेलिंगमधलं अंतर त्याचंच भावंड आहे.

या सगळ्यांच्या मधोमध असतो रेफरन्स रेट, म्हणजे त्या दिवसाचा अधिकृत संदर्भ दर. पूर्वी तो रिझर्व्ह बँक काढायची. १० जुलै २०१८ पासून ते काम एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया लिमिटेड) ही कंपनी करते. सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या तासातली कुठलीही पंधरा मिनिटं निवडायची, त्या पंधरा मिनिटांत बँकांमध्ये प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांवरून दर काढायचा आणि साधारण दीड वाजता जाहीर करायचा, अशी पद्धत आहे. पंधरा मिनिटं कोणती ते आधी कुणालाच कळू देत नाहीत, म्हणजे मुद्दाम सौदे टाकून दर हलवता येत नाही. या दराने तुम्हाला कुणी डॉलर देणार नाही आणि तुमच्याकडून घेणारही नाही. तो मोजपट्टीसारखा वापरायचा. तुमच्या बँकेने त्या दिवशी रेफरन्स रेटपेक्षा किती पैसे कमी दिले, हे पाहिलं की बट्टा किती गेला ते कळतं.

परदेशी संकेतस्थळांवरचे आकडे याच्याशी का जुळत नाहीत, तेही इथेच कळतं. आपला रेफरन्स रेट दुपारचा. त्यांतल्या पुष्कळांचा दिवस न्यूयॉर्कच्या संध्याकाळी संपतो, तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. बरं, त्यांचा आकडा खरेदी आणि विक्रीच्या बरोब्बर मधला असतो. दहा-वीस पैशांचा फरक यातूनच पडतो, त्यात चूक कुणाचीच नसते. काही संकेतस्थळं रविवारचाही दर दाखवतात. रविवारी बाजारच बंद असतो, म्हणजे तो शुक्रवारचाच आकडा पुढे ओढलेला असतो.

आता एक फिरता मेसेज निकालात काढू. १५ ऑगस्ट १९४७ ला एक डॉलर म्हणजे एक रुपया होता, असं दरवर्षी कुणीतरी पाठवतंच. ते खोटं आहे आणि कागदावर दोन ओळींत खोडता येतं. तेव्हा रुपयाचा दर डॉलरशी नाही, पौंडाशी बांधलेला होता. १९२७ च्या कायद्याने १ रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स ठरलं होतं. एका शिलिंगात १२ पेन्स, म्हणजे रुपयाचे १८ पेन्स. पौंडात २४० पेन्स. २४० भागिले १८, एक पौंड १३.३३ रुपयांचा. त्या वेळी पौंड ४.०३ डॉलरला होता. १३.३३ भागिले ४.०३ केलं की येतात ३.३१ रुपये. १९४७ चा डॉलर सव्वातीन रुपयांच्या थोडा वर होता. ‘तेव्हा देशावर कर्ज नव्हतं म्हणून रुपया डॉलरइतका होता’ हे कारणही लंगडं आहे. दर ठरला होता पौंडाशी बांधलेल्या गाठीवरून, कर्जाच्या वहीवरून नाही.

हीच रीत पुढेही चालते. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. भारताने रुपयाही तेवढाच उतरवला, पौंड १३.३३ रुपयांवरच राहिला. १३.३३ भागिले २.८० म्हणजे ४.७६. १९५० ते १९६६ या काळाच्या कुठल्याही तक्त्यात ४.७६ हाच आकडा वर्षानुवर्षं दिसतो, तो इथून आला. ६ जून १९६६ ला अवमूल्यन झालं आणि डॉलर ७.५० झाला, पौंड २१ रुपये. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंड पुन्हा उतरवला, २.४० डॉलरवर. या वेळी भारताने रुपया उतरवला नाही. ७.५० गुणिले २.४०, पौंड १८ रुपये. तीन आकडे ठाऊक असले की वीस वर्षांचे दर तुम्ही स्वतः मांडू शकता आणि इंटरनेटवरचा तक्ता खरा की खोटा तेही तपासू शकता.

१९६६ च्या अवमूल्यनात शेकडेवारीचा एक सापळा आहे. काही ठिकाणी ३६.५ टक्के लिहिलेलं असतं, काही ठिकाणी ५७.५ टक्के. दोन्ही बरोबर. ४.७६ चा डॉलर ७.५० झाला, म्हणजे डॉलर ५७.५ टक्के महागला. उलट बाजूने पाहिलं तर रुपयाला आधी २१ सेंट मिळायचे, आता १३.३३ सेंट. म्हणजे रुपया ३६.५ टक्के पडला. मोजमाप कशाच्या तुलनेत केलंय, त्यावर टक्का बदलतो. बाहेरून मशीन आणणाऱ्याच्या खिशाला ५७.५ टक्क्यांचा फटका बसला होता, वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र लहान आकडाही येऊ शकतो. ‘रुपया इतके टक्के घसरला’ असं वाचलं की आधी विचारायचं, रुपया घसरला इतके की डॉलर चढला इतके?

जुनी कागदपत्रं चाळताना दर मांडायची पद्धतही उलटी सापडते. आज आपण एका डॉलरचे किती रुपये ते सांगतो. ऑगस्ट १९९३ च्या आधी बँका १०० रुपयांचे किती डॉलर असा दर द्यायच्या. तिथे आकडा वाढला तर रुपया वधारला. आता आकडा वाढला तर रुपया पडला. आलेख पाहताना हे ध्यानात ठेवलं नाही तर चढ उतारासारखा वाटतो. १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या वह्यांत तर आणे-पै आहेत. १ रुपया म्हणजे १६ आणे, १९२ पै. ‘४ रुपये १२ आणे’ म्हणजे ४.७५, ४.१२ नाही. टंकलेखन करणाऱ्याने आण्यांच्या जागी दशांश टाकून दिला की पुढचा सगळा तक्ता चुकतो.

बांधलेला दर म्हणजे सरकारने ठरवलेला भाव. त्या भावाने हवे तेवढे डॉलर मिळतीलच असं नव्हतं. परदेशी जायला मोजके डॉलर मिळत, बाकीच्यांसाठी परवाना लागे, आणि परवान्याबाहेरचा हवाल्याचा भाव वेगळाच असे. त्यामुळे १९७५ चा किंवा १९८५ चा अधिकृत दर हिशेबाच्या कागदासाठी ठीक आहे, पण त्यावरून ‘तेव्हा डॉलर स्वस्त होता’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे रेशनच्या साखरेचा भाव पाहून साखर स्वस्त होती म्हणण्यासारखं आहे.

मग आलं १९९१. १ जुलैला सोमवारी रुपया एकदा उतरवला, ३ जुलैला बुधवारी पुन्हा. पहिल्या पावलाने बाजार काय करतो ते चाचपून दुसरं टाकलं. ‘हॉप, स्किप अँड जंप’ हे त्याचं आतलं नाव. जूनअखेर डॉलर सुमारे २१ रुपये होता, तीन दिवसांत सुमारे २६ वर गेला. आता १९९१-९२ या आर्थिक वर्षाची सरासरी पाहा, २४.४७. वर्षातल्या कुठल्याही महिन्यात डॉलर या भावाच्या जवळपास टिकून राहिला नाही. पहिले तीन महिने तो खूप खाली होता, पुढचे नऊ महिने वर. जून १९९१ मध्ये आलेले १,००० डॉलर प्रत्यक्षात २१,००० च्या आसपास वटले असणार. सरासरीने मांडले तर २४,४७० होतात. साडेतीन हजारांची तफावत, आणि तीही ‘रिझर्व्ह बँकेच्या आकड्याने’.

पुढचं वर्ष आणखी विचित्र आहे. १ मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ अखेर देशात दोन अधिकृत दर एकाच वेळी चालू होते. या व्यवस्थेला लर्म्स (लिबरलाइज्ड एक्स्चेंज रेट मॅनेजमेंट सिस्टिम) म्हणत. निर्यातदाराने आणलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने द्यायचे, ६० टक्के बाजारभावाने विकायचे. समजा सरकारी दर २६ आणि बाजारभाव ३०. १,००० डॉलरपैकी ४०० चे १०,४०० आणि ६०० चे १८,०००, एकूण २८,४००. म्हणजे हाती पडलेला दर २८.४०, जो कुठल्याच तक्त्यात छापलेला नाही. १९९२ च्या एखाद्या निर्यात बिलाची रक्कम जुळत नसेल तर आधी हे करून पाहा. १ मार्च १९९३ पासून दोन्ही दर एक झाले आणि १९९३-९४ ची सरासरी ३१.३७ आली.

सरासरीचा सापळा नव्या काळातही तसाच आहे. २०१३ घ्या. मेच्या सुरुवातीला डॉलर ५४ च्या आसपास होता. २८ ऑगस्टला रेफरन्स रेट ६८.३६ झाला आणि बाजारात त्याच दिवशी डॉलर ६८.८० च्याही वर जाऊन आला. धरमपेठेतल्या त्या घरात मुलाने ५,००० डॉलर नेमके कधी पाठवले, मेमध्ये की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, यावर सत्तर हजार रुपये इकडचे तिकडे होतात. २०१३-१४ ची सरासरी ६०.५० आहे, ती या हिशेबात काही कामाची नाही. अशा वेळी दर शोधत बसण्यापेक्षा बँकेचं स्टेटमेंट काढावं. जमा झालेले रुपये भागिले पाठवलेले डॉलर, हाच त्या व्यवहाराचा खरा दर. त्यात मधल्या बँकेने कापलेलं शुल्कही येतं, म्हणून तो दरपत्रकापेक्षा थोडा कमीच भरतो.

सरासरी कामाची असते ती वर्षभर थोडा थोडा चाललेल्या व्यवहाराला. तिथेही वर्ष कोणतं ते पाहायचं. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक हँडबुकात एप्रिल ते मार्चची सरासरी असते, आंतरराष्ट्रीय संस्थांच्या तक्त्यांत बहुधा जानेवारी ते डिसेंबर. विदर्भातल्या कापसाचं तर तिसरंच वर्ष, ऑक्टोबर ते सप्टेंबर.

कापसाचा हिशेब जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण एककांची अदलाबदल होते ती इथे सगळ्यात जास्त. न्यूयॉर्कचा वायदा असतो सेंट प्रति पौंड, आणि हा पौंड वजनाचा. आपल्याकडे रुई विकली जाते खंडीने. खंडी म्हणजे ७८४ पौंड, किलोत ३५५.६२, बोलताना ३५६. म्हणून सेंटमधला भाव ७.८४ ने गुणला की डॉलर प्रति खंडी मिळतो. समजा भाव ८५ सेंट. ८५ गुणिले ७.८४ म्हणजे ६६६.४० डॉलर खंडी. २०१३-१४ च्या सरासरी दराने, ६०.५० ने, त्याचे ४०,३१७ रुपये होतात. २०२३-२४ च्या ८२.७९ ने ५५,१७१. न्यूयॉर्कचा भाव जागचा हललाच नाही असं धरलं, तरी खंडीमागे जवळपास पंधरा हजार रुपये फक्त विनिमय दराने वाढवले. या भावाला डॉलर एक रुपयाने हलला की खंडी ६६६ रुपयांनी हलते. दहा वर्षांपूर्वीपेक्षा रुई महागली का, याचं उत्तर देण्याआधी हे पंधरा हजार बाजूला काढून ठेवावे लागतात.

इथे आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. बाजार समितीत शेतकऱ्याला मिळतो तो कापसाचा, म्हणजे सरकीसकट, क्विंटलचा भाव. खंडीचा भाव असतो रुईचा. दोन्हींची थेट तुलना करता येत नाही, मध्ये रुईचा उतारा, म्हणजे कापसातून किती रुई निघते ते, आणि सरकीची किंमत येते. दुसरं म्हणजे आवक दिवाळीनंतरच्या तीन-चार महिन्यांत दाटते. सौदे त्या महिन्यांत झाले असतील तर बारा महिन्यांची सरासरी लावून उपयोग नाही. ज्या महिन्यात जितक्या खंड्या विकल्या, त्या महिन्याच्या दराला तितकं वजन द्यायचं. वहीत दोन रकाने वाढतात, पण नफा विनिमय दराचा की भावाचा, ते वेगळं दिसतं.

डॉलर सोडून दुसरं चलन असेल तर दर बहुतेक वेळा डॉलरमधून फिरून येतो. संत्री बांगलादेशात जातात, पण टाका-रुपयाचा दर काढायला आधी डॉलरचे रुपये, मग डॉलरचे टाके, आणि मग भागाकार. दोन्ही आकडे एकाच दिवसाचे, शक्यतो एकाच वेळेचे हवेत. जपानी येनचा रेफरन्स रेट १०० येनचा असतो, एका येनचा नाही. ही शंभरपट चूक दिसायला ढोबळ वाटते, पण होते. युरो सुरू झाला १ जानेवारी १९९९ ला. १९९५ चा ‘युरोचा दर’ कुठे दिसला तर तो जुन्या चलनांवरून मागाहून बनवलेला आहे.

कर भरायचा असेल तर दर तुम्ही निवडायचा नसतो, नियम निवडतो. १९६२ च्या आयकर नियमावलीतला नियम ११५ स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट धरायला सांगतो, रेफरन्स रेट नाही. तारीखही उत्पन्नाप्रमाणे बदलते. पगार असेल तर ज्या महिन्यात तो देय झाला किंवा मिळाला, त्याच्या आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. लाभांश आणि भांडवली नफा यांनाही आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. म्हणजे मिहानमधल्या मुलीने शेअर १४ फेब्रुवारी २०२४ ला विकले असतील, तर पाहायचा ३१ जानेवारी २०२४ चा दर. परदेशी बँकेतल्या व्याजासारख्या उत्पन्नाला आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, ३१ मार्च. शेअरची खरेदी किंमत कोणत्या दराने मांडायची, यावर जाणकारांचीही मतं जुळत नाहीत, आणि फरक लहान नसतो. १०० डॉलरला डॉलर ६५ असताना घेतलेला शेअर, डॉलर ८३ असताना ११० डॉलरला विकला, असं धरा. नफा आधी डॉलरमध्ये काढून रुपयांत केला तर ८३०. दोन्ही रकमा आपापल्या दिवसाच्या दराने मांडल्या तर २,६३०. हे सीएशी बोलूनच ठरवा आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवा. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, तेव्हा पुढच्या व्यवहारांसाठी नियमाचा क्रमांक नव्या नियमावलीत पाहून घ्यावा.

बुटीबोरीतल्या कारखान्याने मशीन मागवलं तर तिथे दर सीमाशुल्क खात्याचा. तो आयातीला वेगळा, निर्यातीला वेगळा, आणि आयातीला बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं सीमाशुल्काचं कागदपत्र, सादर केलं त्या दिवशी जो लागू असेल तो धरायचा. बँकेला पैसे चुकते केले ते दुसऱ्याच दराने, तेही दोन महिन्यांनी. एकाच मशीनचे असे दोन दर कागदावर येतात. हिशेबनीसाने ते जुळवायच्या फंदात पडू नये, फरक विनिमय नफा-तोटा खात्यावर टाकावा.

सुट्टीचा घोळ मार्चअखेर हमखास होतो. ३१ मार्च २०२४ रविवार होता, ३० शनिवार, २९ गुड फ्रायडे. म्हणजे वर्षाचा शेवटचा रेफरन्स रेट २८ मार्चचा, सुमारे ८३.३७. सुट्टी मुंबईची पाहायची, नागपूरची नाही, कारण दर तिथे निघतो. आणि स्टेट बँकेचं दरपत्रक रोज बदलतं, त्यामुळे महिनाअखेरचं पान त्याच दिवशी उतरवून ठेवणं सगळ्यात सोयीचं. रेफरन्स रेटचं तसं नाही, जुलै २०१८ पर्यंतचे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आणि पुढचे एफबीआयएलकडे तारीखवार मिळतात.

राहिला एक प्रश्न, जो कुतूहलाने विचारला जातो: १९९३-९४ मध्ये ३१.३७ चा डॉलर २०२३-२४ मध्ये ८२.७९ झाला, मग रुपया एवढा दुबळा झाला का? तीस वर्षांत २.६४ पट, म्हणजे वर्षाला सरासरी ३.३ टक्के. भारतात या काळात महागाई अमेरिकेपेक्षा जास्त राहिली, आणि डॉलरच्या चढण्यातला बराच भाग तेवढ्यानेच भरून निघतो. इथल्या वस्तू महाग होत गेल्या आणि दर मात्र जागीच राहिला, तर आपला माल बाहेरच्यांना परवडेनासा होतो. म्हणून रिझर्व्ह बँक महागाईचा फरक वजा करून ४० देशांच्या चलनांशी तुलना करणारा निर्देशांक काढते, २०१५-१६ म्हणजे १०० धरून. रुपया बळकट की दुबळा, हे त्या निर्देशांकावर पाहायचं. डॉलरचा नुसता आकडा त्यासाठी अपुरा आहे.

वहीत नोंद करताना एवढं लिहिलं की पाच वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला फोन करावा लागत नाही: ‘१२,००० डॉलर, दर ८३.३७, एफबीआयएल रेफरन्स रेट, २८ मार्च २०२४, ३१ तारखेला सुट्टी म्हणून आधीच्या कामाच्या दिवसाचा, रक्कम १०,००,४४० रुपये.’ शेजारी त्या पानाची छापील प्रत लावायची.